कागदावर 'ट्रेनी', हातात सगळं इन्स्पेक्शन. रेझ्युमेत अनुभव कसा लिहू?

खानापूर_क्यूसी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी शाळा, नंतर बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा. २०२१ पासून उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉड्या आणि कास्टिंगची (ओतीव धातूची) हाउसिंगं मशीन होतात. कास्टिंग बरंचसं कोल्हापूरकडच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांकडून येतं.

अडचण अशी की नेमणुकीच्या पत्रावर 'ट्रेनी' लिहिलंय आणि ते आजपर्यंत बदललेलं नाही. पगार कंत्राटदाराकडून येतो, पीएफही त्याच्याच नावानं. काम बघाल तर सेटरनं (मशीन लावून देणाऱ्यानं) काढलेला पहिला पीस मी पास केल्याशिवाय मशीन पुढं चालत नाही. रात्रपाळीत काय रिजेक्ट झालं त्याचा हिशेब सकाळी मीच मांडते. गिऱ्हाइकाची तक्रार आली की उत्तर साहेबांच्या नावानं जातं, पण लिहिते मी.

रेझ्युमे गावातल्या सायबरवाल्याकडून करून घेतला होता. त्यात वडिलांचं नाव, जात, छंद, खाली 'वरील माहिती खरी आहे' असं सगळं आहे, आणि अनुभवाखाली एवढंच : 'इन्स्पेक्शनच्या कामाचा अनुभव. मेहनती व प्रामाणिक.' कागल, चाकण, हत्तरगी, सगळीकडे पाठवला. फोन नाही. एका ठिकाणी बोलावलं तर 'ट्रेनी म्हणजे फ्रेशरच की' म्हणून ट्रेनीचाच पगार सांगितला.

पदाच्या जागी 'क्वालिटी इंजिनीअर' लिहिलं तर चालतं का? कंत्राटदाराचं नाव घालू की कंपनीचं? मराठी शाळा आणि कन्नड येतं हे लिहावं की नको? घरचे म्हणतात आहे ती नोकरी बरी, बायकांना मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेमुळे बसला पैसेसुद्धा लागत नाहीत. पण मला हे काम मनापासून आवडतं आणि पुढं सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर) बसायचंय. जाणकारांनी सांगा.

मच्छे_लेथ

लिहा की बिनधास्त क्वालिटी इंजिनीअर. काम तुम्हीच करालाय न्हवं? मग पद पण तुमचंच. आमच्याकडची दोघं तसंच लिहून चाकणला लागल्यात. कंत्राटदाराचं नाव अजिबात घालू नका, कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की किंमत कमी होते.

शिरोली_ते_धारवाड

मच्छेच्या भावानं काळजीनंच सांगितलंय, पण हे करू नकोस. मी उद्यमबागेत इन्स्पेक्शनलाच लागलो आणि पुढं सप्लायर क्वालिटीत गेलो. शिरोलीच्या फाउंड्र्या, उद्यमबाग, होनगा, धारवाड या पट्ट्यातच माझी नोकरी झाली आणि माणसं निवडायला बसायची वेळ बऱ्याचदा आली. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून 'तू' म्हणतो.

आधी पदाचं. मोठ्या कंपन्या ऑफरनंतर कागद तपासतात. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, यूएएनची (पीएफच्या कायम नंबरची) सर्व्हिस हिस्टरी. रेझ्युमेवर एक पद आणि पत्रावर दुसरं दिसलं, की मग तुझ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, तुझ्या शब्दावरच शंका घेतात. आणि तोवर तू इथला राजीनामा देऊन बसलेली असतेस. चांगला हात असलेला एक मुलगा असा हातचा गेलेला मी बघितलाय, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा एकाच ओळीत सरळ लिही : अमुक कंत्राटदारामार्फत, तमुक कंपनी, उद्यमबाग, बेळगाव, २०२१ पासून, नेमणूक ट्रेनी म्हणून, काम इन-प्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शनचं. तुला लपवण्यासारखं यात काही नाही.

आता फोन का येत नाही ते. 'इन्स्पेक्शनच्या कामाचा अनुभव' एवढं वाचून तू दिवसभर काय करतेस हे मला कळत नाही, तर तुला कधी न बघितलेल्या चाकणच्या माणसाला काय कळणार? एचआरनं गठ्ठा पुढं ठेवला की क्वालिटीचा माणूस शोधत असतो : पार्ट कुठला, मटेरियल काय, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, मोजलं कशानं, आणि पास की नापास हे ठरवलं कुणी. 'व्हर्निअर, मायक्रोमीटर येतं' असं सगळेच लिहितात. पण कुणी लिहिलं की '३० एच७ चा बोअर मास्टर रिंगवर झीरो लावून बोअर गेजनं तपासते', तर मी तिथं थांबून वाचतो. त्या बोअरला, म्हणजे आतल्या गोल भोकाला, वाव फक्त २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ३०.००० ते ३०.०२१ मिमी. नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, २० मायक्रॉन. त्यानं असा बोअर पास करणारा माणूस अंदाजानं पास करतोय. हा फरक जिला कळतो तिला शिकवायला मला सहा महिने घालवावे लागणार नाहीत, हे त्या एका ओळीत दिसतं.

जात, छंद, वडिलांचं नाव, ती शपथ सगळं काढून टाक. तेवढी जागा कामाला दे.

आणि तक्रारीची उत्तरं तूच लिहितेस म्हणालीस, ते तू एका वाक्यात उरकलंस. माझ्या दृष्टीनं तुझ्या रेझ्युमेतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. अशी एखादी तक्रार सविस्तर सांग. काय बिघडलं होतं, कारण कसं सापडलं, तू काय केलंस, पुढं काय झालं. कंपनीचं आणि गिऱ्हाइकाचं नाव नको.

खानापूर_क्यूसी

काका, मनापासून आभार. एक सांगते.

पातळ भिंतीचं एक हाउसिंग होतं. गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला. त्यांचा गो प्लग गेज (बोअर बरोबर असेल तर आत जायलाच हवा असा मापाचा दांडा) बोअरमध्ये जात नव्हता. आमच्या रिपोर्टवर सगळे पीस ओके, मी परत मोजले तरी बोअर गेजवर साइज बरोबर. कसाही फिरवून मोजा, तेवढाच. शॉपमध्ये सगळे म्हणाले की त्यांचाच गेज खराब असेल. मी आमच्या टूल रूममधला प्लग आणून लावला तर तोही अडकला. मग डिप्लोमाच्या मेट्रॉलॉजीत शिकलेलं आठवलं, की तीन ठिकाणी दबलेला बोअर दोन टोकांच्या गेजला सापडत नाही, व्यास सगळीकडे सारखाच दाखवतो. आमचा गेज दोन टोकांचाच होता. पीस थ्री-जॉ चकमध्ये (तीन जबड्यांच्या पकडीत) घट्ट आवळून बोअर मारत होते. चकमध्ये असताना गोल, सोडला की तीन ठिकाणी बाहेर फुगायचा आणि मधे आत दबायचा, म्हणून प्लग अडकायचा.

सेटरशी बोलून चकचं प्रेशर कमी करून घेतलं आणि त्या पार्टसाठी सॉफ्ट जॉ (पीसच्या मापाला कापून घेतलेले मऊ जबडे) बोअर करून लावले. आता त्या पार्टला बोअर गेजच्या जोडीला गो प्लगही लावतो, ते मी चेकशीटमध्ये घातलं. ती तक्रार परत आली नाही. पण हे सगळं सेटरनं केलं ना? मी फक्त सांगितलं. हे 'माझं' म्हणून लिहायला संकोच वाटतो.

शिरोली_ते_धारवाड

पोरी, हे वाचून मला किती बरं वाटलं! थ्री-जॉ चक, पातळ भिंत आणि दोन टोकांचा गेज या तिन्हींची सांगड घालायला पुष्कळ अनुभवी माणसांनाही वेळ लागतो.

संकोच ठेवू नकोस, पण श्रेय नेमकं वाटून लिही. कारण तू शोधलंस, जॉ सेटरनं बदलले, चेकशीट तू बदललीस. तसंच लिहायचं. मी मराठीत लिहून देतो, इंग्रजीत तू कर, वाक्यं छोटी ठेव :

'पातळ भिंतीच्या हाउसिंगमध्ये गो प्लग अडकत असल्याची गिऱ्हाइकाची तक्रार हाताळली. दोन टोकांच्या बोअर गेजला न दिसणारा तीन ठिकाणचा फुगवटा चकच्या दाबामुळे येतो हे शोधलं. सेटरच्या मदतीनं प्रेशर कमी करून सॉफ्ट जॉ वापरात आणले. चेकशीटमध्ये गो प्लगची तपासणी घातली. तक्रार पुन्हा आली नाही.'

याच्यावर रोजचं काम : पार्ट, मटेरियल, सगळ्यात घट्ट टॉलरन्स, हाताखालचे गेज, पहिला पीस पास करायचा अधिकार, रिजेक्शनचा रोजचा हिशेब. तक्रारीचं उत्तर तुम्ही एट-डीच्या (आठ पायऱ्यांत कारण आणि उपाय मांडायच्या) फॉर्मवर देत असाल तर तो शब्द लिही, कारण बाहेर तोच शोधतात. नसाल देत तर लिहू नकोस. तेच आयएटीएफचं. तुमच्या शॉपला आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) असेल आणि ऑडिटरनं तुझ्या टेबलावर येऊन तुला प्रश्न विचारले असतील, तर ते जरूर घाल. हत्तरगीच्या एअरोस्पेसवाल्यांकडे एएस ९१०० चालतं. ते तुला नसलं तरी चालेल, पण त्या मानकाचं नाव आणि त्यात ट्रेसेबिलिटीला (कुठला पीस कुठून आला याचा माग ठेवण्याला) एवढं महत्त्व का, हे वाचून जा.

'रिजेक्शन अमुक टक्क्यांनी कमी केलं' असं लिहायची आता पद्धत पडली आहे. तुझ्या रजिस्टरमधून काढता येतो तेवढाच आकडा लिही. मुलाखतीत मी विचारणार की आधी किती होतं, नंतर किती, कुठल्या महिन्यातलं. उत्तर आलं नाही की आधीच्या खऱ्या ओळीही वाया जातात.

भाषांचं तू भीत भीत विचारलंस. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चारही लिही, आणि पुढं हेही लिही की कास्टिंगच्या दोषाबद्दल शिरोलीच्या फाउंड्रीशी मराठीत आणि लाइनवरच्या ऑपरेटरशी कन्नडात तूच बोलतेस. बोलतेस ना? सप्लायर क्वालिटीत माझं अर्धं काम हेच होतं. फाउंड्री कोल्हापूरकडची, मशीन शॉप बेळगावचं, असेंब्ली धारवाडला. ब्लो-होल (ओतताना राहिलेली पोकळी) कुणाचा आणि टूल मार्क (मशीनच्या टूलची खूण) कुणाचा यावरून भांडण लागलं की दोन्हीकडे त्यांच्या भाषेत समजावणारा माणूस लागतो. आपल्या सीमाभागातल्या मुलांना ही गोष्ट रोजची, म्हणून ती लिहायची असते हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. मराठी शाळेतून आलीस हेही ताठ मानेनं सांग. तुझं मेट्रॉलॉजी पक्कं आहे ते वर सगळ्यांना दिसलंय.

निपाणी_पेरोल

कामाचं काकांनी सांगितलं, मी कागदांचं सांगते. मी पेरोल बघते आणि लोकांचं घोडं इथंच अडतं.

यूएएनच्या पोर्टलवरून सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक आत्ताच उतरवून ठेव. तिथं आस्थापना म्हणून कंत्राटदाराचंच नाव येणार, म्हणून काकांनी सांगितलेली 'मार्फत' ही ओळ फार गरजेची. मधल्या काळात कंत्राटदार बदलला असेल तर दोन नावं दिसतील, तीही तारखांसकट जुळव. पगार बँकेत जमा होतो ती स्टेटमेंटं ठेव. कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र घेच, पण तुझ्या शॉपच्या क्वालिटी हेडकडून 'या व्यक्तीनं आमच्याकडे अमुक काळ इन्स्पेक्शनचं काम केलं' एवढ्या दोन ओळी लेटरहेडवर मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. नोकरी सोडायच्या आधी माग. नंतर कोण ओळख देत नाही.

आणखी एक, आपल्याकडच्यांना हमखास नडणारं. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघ. मराठी नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदललेलं असतं, कुठं वडिलांचं नुसतं आद्याक्षर असतं, कुठं आडनावच नसतं. पीएफमधली दुरुस्ती नोकरीवर असतानाच मागे लागून करून घे, कारण मालकाची मंजुरी लागली तर सोडून गेल्यावर हेलपाटे सुरू होतात. नोकरी सोडल्याची तारीख त्यांनी भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ती पोर्टलवर स्वतः भरता येते.

पगाराचा आकडा सांगताना इथं बसला पैसे लागत नाहीत हे विसरू नकोस. कागलला खोली, मेस आणि गावाकडं यायचा खर्च वजा करून मगच ऑफर तोल.

मच्छे_लेथ

काका, अक्का, तुमचं पटलं. पदाचं माझं म्हणणं मागे घेतो. मी पण आठ वर्षं 'ऑपरेटर' एवढंच लिहित आलोय, फानुकवर (सीएनसी मशीनच्या कंट्रोलवर) प्रोग्रॅम एडिट करतो आणि जॉ बोअर करतो ते कधी लिहिलंच नाही. ताई, आमच्या सेटर लोकांचं नाव पण घेतलासा, बरं वाटलं.

खानापूर_क्यूसी

सगळ्यांचे खूप आभार. शिरोलीशी मीच बोलते, कास्टिंगचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून. ते लिहीन. शेवटचं एकच : मुलाखतीत पुरावा म्हणून त्या हाउसिंगचं ड्रॉइंग किंवा आमचा रिपोर्ट मोबाइलवर दाखवला तर चालेल का? आणि सीएमएम मला येत नाही, 'शिकण्याची इच्छा' असं लिहू का?

शिरोली_ते_धारवाड

ड्रॉइंग आणि रिपोर्ट गिऱ्हाइकाचे, कंपनीचे असतात, तुझे नाहीत, मोबाइलमध्येसुद्धा ठेवू नकोस. जी दुसऱ्याचं ड्रॉइंग मला दाखवते ती उद्या माझं दुसऱ्याला दाखवेल, असाच विचार समोरचा करणार. त्यापेक्षा कागद-पेन्सिल मागून घे आणि तीन जॉ, पातळ भिंत, तीन ठिकाणी फुगलेला बोअर हाताने काढून समजाव. साइज खरे घालायची गरज नाही. बहुतेक ते हातात मायक्रोमीटर आणि एखादा पीसही देतील. आधी पुसून घे, झीरो बघ, मगच मोज. ते बघत असतात.

'शिकण्याची इच्छा' नको. उद्यमबागेतच जीटीटीसीचं केंद्र आहे, सरकारी टूल रूम. सीएमएमचं शिक्षण सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी मिळतं का, फी किती, हे पाळी सुटल्यावर जाऊन विचार. प्रवेश घेतलास की रेझ्युमेत 'सीएमएमचं प्रशिक्षण सुरू' असं घाल. कागलला त्याच्या आधी बोलावणं आलं तरी जा, थांबू नकोस. इंग्रजी मसुदा झाला की नाव, नंबर काढून इथं टाक, मी बघतो.