मदत हवी आहे : अटारी २६०० चे पॅडल यूएसबीवर स्थिर कसे चालवावे?

अटारी २६०० या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राची मूळ दोन पॅडल (मूठ फिरवून खेळायचे नियंत्रक) मी आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डामार्फत लिनक्स संगणकाला जोडली असून त्यांची बटणे व्यवस्थित चालतात. अडचण फिरत्या मुठीची आहे: आतील १ मेगाओहमच्या पोटेन्शिओमीटरची (मूठ फिरवली की रोध बदलणाऱ्या भागाची) तीनपैकी दोनच टोके बाहेर आलेली असल्याने ग्राउंडकडे रेझिस्टर लावून व्होल्टेज वाचावे लागते आणि त्यामुळे मूठ एकसमान फिरवली तरी आकडे एका बाजूला दाटतात. आतला भाग क्लीनरने स्वच्छ केल्यावर आणि वाचनांची सरासरी काढल्यावर आकड्यांची थरथर कमी झाली, ते एका बाजूला दाटण्याचा दोष मात्र तसाच राहिला. तिसऱ्या टोकाला तार जोडून मूळ रचना बदलायची नाही. मूळ यंत्राप्रमाणे कपॅसिटर चार्ज होण्याचा वेळ मोजणे हाच मार्ग मला योग्य वाटतो. परंतु दोन्ही पॅडल सेकंदाला ६० वेळा वाचायची असल्यास कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा घ्यावा, आणि तो डिस्चार्ज करताना आर्डुइनोच्या पिनला धोका पोहोचू नये म्हणून मध्ये किती ओहमचा रेझिस्टर लावावा?