मांजरांचं ग्रेन-फ्री, हाय-प्रोटीन ड्राय फूड: तुम्ही कसं निवडलंत?

आमच्या घरात गोंद्या आणि चिमी राहतात आणि त्यांच्या सोयीने आम्ही. गोंद्या सहा वर्षांचा बोका, चिमी अडीच वर्षांची भाटी. दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली, दोघंही घराबाहेर न जाणारी. इतकी वर्षं एकच ड्राय फूड चालू होतं. ते मिळेनासं झालं म्हणून नवीन शोधायला बसले आणि तीन संध्याकाळी पिशव्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचण्यात गेल्या. पुढच्या बाजूला सगळीकडे कोणीतरी डरकाळी फोडतंय आणि खाली 'ग्रेन-फ्री, हाय प्रोटीन'. मागे बघावं तर वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा, टॅपिओका. धान्य नाही हे खरंच. पण त्याची जागा रिकामी ठेवलेली नाही. पिठूळ काही घातल्याशिवाय तो दाणा यंत्रातून फुगून बाहेर पडत नाही, त्यामुळे गहू गेला की बटाटा येतो.

कर्बोदकांचा आकडा बहुतेक पिशव्यांवर नसतो, तो आपणच काढायचा: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करायची. राख दिली नसेल तर मी ८ धरते. माझ्यासमोर दोन पिशव्या होत्या. ग्रेन-फ्रीची बेरीज अशी: ३२, १४, ४, १० आणि ८, म्हणजे ६८. उरले ३२ टक्के. दुसरीत चक्क तांदूळ होता, तिची बेरीज ३८, १८, ३, ८ आणि ८, म्हणजे ७५. उरले २५. तांदूळवालीत कर्बोदकं कमी! तेव्हापासून डोकं भणभणतंय. अजून काही घेतलेलं नाही. तुम्ही काय बघून घेतलंत, पुढे काय झालं, बदललंत तर का, ते सविस्तर लिहा. फसलेले अनुभव आधी.

हिशेबी

हिशेब बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, कारण मी स्वतः इथेच गंडलो होतो. डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिनं १० टक्के आणि ड्राय फूडवर ३६ टक्के बघून मी वर्षभर ओल्याला नावं ठेवत होतो. ओल्यात ७८ टक्के पाणीच असतं. पाणी काढून टाकलं तर उरलेल्या २२ भागांत प्रथिनं १०, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. ड्राय फूडमध्ये ओलावा १०, म्हणून ३६ ला ९० ने भागलं की ४०. तुलना करायची ती अशी, कोरड्या मालावर.

किमान किती हवं, तर अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या निकषात मोठ्या मांजरासाठी कोरड्या मालावर २६ टक्के आणि वाढत्या पिल्लांसाठी किंवा गाभण मांजरीसाठी ३० टक्के प्रथिनं आहेत. ही खालची रेघ झाली. बाजारातलं बहुतेक ड्राय फूड तिच्या वरच असतं, त्यामुळे 'हाय प्रोटीन' या शब्दांना फारसं वजन नाही. वजन त्या ओळीला, जिथे खाणं 'संपूर्ण आणि संतुलित' आहे आणि कोणत्या वयाच्या मांजरासाठी, हे लिहिलेलं असतं. ती ओळ नसेल तर तो खाऊ समजा, जेवण नाही.

खिडकीतली मावशी

फसलेला अनुभव हवाय ना, घ्या. जुनं खाणं मी एका छोट्या वाटीने मोजायचे. नवीन ग्रेन-फ्री आणलं, वाटी तीच. कुणी सांगावं की या दाण्यात चरबी जास्त म्हणून कॅलरीही जास्त असतात? आमचा बोका सात महिन्यांत ४.२ किलोचा ५.३ किलो झाला. आम्ही आपले 'केस किती दाट झाले बघ' म्हणून कौतुक करतोय. डॉक्टरांनी बरगड्यांवर हात फिरवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅम मोजते. डॉक्टरांनी गणित शिकवलं: ४ किलोच्या मांजराची विश्रांतीतली गरज साधारण २०० किलोकॅलरी. किलोला ४००० किलोकॅलरीचं खाणं असेल तर ते झाले अवघे ५० ग्रॅम. ऑपरेशन झालेल्या, दिवसभर लोळणाऱ्या मांजराला त्याहून फार जास्त लागत नाही. ५० ग्रॅम वाटीत ओतून बघा, तळ जेमतेम झाकतो. पहिले दोन आठवडे तो वाटीकडे बघून माझ्याकडे बघायचा. वजन हळूहळूच उतरवायचं असतं, एकदम उपाशी ठेवायचं नाही. आता ४.७ वर आलाय.

रसायनवाला

प्रथिनांच्या टक्केवारीवर फार भाळू नका. पिशवीवर 'क्रूड प्रोटीन' लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत मोजतात नायट्रोजन, त्याला ६.२५ ने गुणतात आणि येईल त्याला प्रथिनं म्हणतात. तो नायट्रोजन कोंबडीच्या मांसातून आला, पिसांतून आला की वाटाण्यातून, हे त्या आकड्याला कळत नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं खाणं मोठ्या प्रमाणावर परत मागवावं लागलं ते यामुळेच. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे रसायन मिसळलेलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला, त्यामुळे कागदावर प्रथिनं वाढली आणि मांजरं-कुत्री मूत्रपिंडं निकामी होऊन गेली.

म्हणून मी टक्का नंतर बघतो, यादी आधी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन घालतानाचं. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते दाणा वाळताना उडून जातं. पहिल्या नंबरची 'ताजी कोंबडी' दाण्यात पहिली राहिलेली असेलच असं नाही. 'चिकन मील' ऐकायला कसंतरी वाटतं, पण ते आधीच वाळवलेलं असतं. दुसरी युक्ती तुकडे पाडण्याची. वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा स्टार्च, वाटाण्याचे तंतू असे चार वेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली जातो. चौघांना एकत्र उभं करा आणि मग बघा पहिला कोण.

धागाकर्ती

रसायनवाले, माझ्या ३२ टक्केवाल्या पिशवीत अगदी हेच आहे! तीन वाटाणे वेगवेगळे लिहिलेत. ती बाद.

दोन शेपट्या

आमची कथा अ‍ॅलर्जीची. मनी मान आणि कानामागे खाजवून रक्त काढायची. मी स्वतःच निदान केलं: धान्य. ग्रेन-फ्री आणलं, महिन्याने फरक नाही, दुसरं आणलं, तरी नाही, तिसऱ्याला तर खाज वाढली. तिन्हींत कोंबडी होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी पिसवांचं औषध, ते करून झाल्यावर आठ आठवडे एकच विशेष आहार, ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तुकडे केलेली असतात. बाकी काहीही नाही, अगदी एक खाऊसुद्धा नाही. (सासरे गुपचूप देत होते. पहिले तीन आठवडे पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.) खाज थांबली. मग जुन्या गोष्टी एकेक करून परत दिल्या. कोंबडीवर चौथ्या दिवशी खाजवायला लागली, तांदळावर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, मांजरांत खाण्याची अ‍ॅलर्जी निघाली तर बहुतेक वेळा ती गोमांस, मासे, कोंबडी अशा मांसाचीच असते, धान्याची त्या मानाने क्वचित. आता ती बदकाच्या मांसाचं खाते. ते ग्रेन-फ्री आहे, पण निव्वळ योगायोगाने.

रात्रपाळी

एक विचारू का? ग्रेन-फ्रीने हृदयाचा आजार होतो असं मध्यंतरी फार वाचलं. घाबरून मी बंदच केलं. कुणाला नक्की माहीत आहे?

हिशेबी

ते मुख्यतः कुत्र्यांबद्दल होतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने जुलै २०१८ मध्ये चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. ज्यांचं हृदय पसरट होऊन कमजोर पडलं अशी बरीच कुत्री वाटाणा, मसूर, बटाटा जास्त असलेलं खाणं खात होती. मांजरांच्या तक्रारी मोजक्याच होत्या. आहारामुळेच झालं असं सिद्ध झालं नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने सांगितलं की नवं ठोस काही हाती आल्याशिवाय आता पुढची माहिती देणार नाही. म्हणजे फाईल कपाटात गेली, 'निर्दोष' असा शिक्का काही बसला नाही.

मांजराच्या हृदयाची खरी गोष्ट टॉरिन या पोषक घटकाची. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की खाण्यात टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय असंच पसरतं, आणि ते दिलं की बरंच सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि मांजरांमधला हा आजार खूप कमी झाला. मांजराला टॉरिन पुरेसं स्वतः बनवता येत नाही, ते प्राणिज खाण्यातून यावं लागतं. टॉरिन नाही मिळालं तर डोळेही जातात. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला रोज घालू नये, त्यात ते असेलच याची खात्री नसते.

साखरेची आजी

माझ्या बोक्याचं नाव साखऱ्या आणि त्याला मधुमेह निघाला, यावर हसून झालेलं आहे. नऊ वर्षांचा, ६.८ किलो. कर्बोदकं कमी केली की मांजराची साखर आटोक्यात यायला मदत होते हे खरं आहे. मी ते कुठेतरी वाचलं आणि शहाणपणा करून डॉक्टरांना न विचारता एका रात्रीत खाणं बदललं. इन्सुलिन मात्र आधीइतकंच चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो भिंतीला धडकत चालत होता. साखर धोकादायक खाली गेली होती. हिरड्यांना मध चोळला आणि तसाच उचलून दवाखान्यात नेला. वाचला.

खाण्यातली कर्बोदकं उतरली की इन्सुलिनही बहुतेक उतरवावं लागतं, आणि किती ते साखर मोजून डॉक्टरांनीच ठरवायचं. आता त्याला ओलं खाणं जास्त आणि ड्राय फूड नावाला देते. कारण सर्वात कमी कर्बोदकांचं म्हणून घेतलेल्या ड्राय फूडमध्येही १२-१३ टक्के निघाली, आणि डब्यातल्यात त्याहून कितीतरी कमी. साखऱ्या आज साडेपाच किलो आहे आणि या क्षणी माझ्या वहीवर बसलाय.

निळी शी-पेटी

बोका पाळणाऱ्यांनी हे वाचाच. आम्ही सगळं चांगलं निवडलं होतं. मांस पहिलं, धान्य नाही, प्रथिनं ४२. पण पाणी विसरलो. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, तहान कमी, लघवी दाट. त्यात खाणं दहा टक्के ओलाव्याचं. एका संध्याकाळी हा पठ्ठ्या शी-पेटीत जाऊन नुसता बसायचा, ओरडायचा, बाहेर यायचा. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ. लघवी अडली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, पूर्ण अडला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालावी लागली, तीन दिवस दवाखान्यात.

खडे स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे निघाले, ते आहाराने विरघळतात. कॅल्शियम ऑक्सलेटचे असते तर विरघळले नसते. आता एक वेळ ओलं, तीन ठिकाणी पाणी, वाट्या पसरट आणि खाण्यापासून लांब. आणि रोज शी-पेटीतले लघवीचे गोळे मोजतो. घरचे हसतात, हसू देत.

सतरा वर्षांची मालकीण

म्हणजे मांजर सतरा वर्षांची, मालकीणही तीच. तिला मूत्रपिंडाचा आजार आहे. माझ्या भाच्याने प्रेमाने महागडी हाय-प्रोटीनची पिशवी आणून दिली. डॉक्टरांनी नाही सांगितलं. या आजारात फॉस्फरस कमी ठेवायचा असतो आणि मांस-हाडांचं मील भरपूर असलेल्या खाण्यात तो बहुधा जास्तच असतो. तिचा आहार वेगळा, डॉक्टरांनी लिहून दिलेला. पिशवी शेजारच्या तरुण बोक्याला गेली. एवढंच.

रात्रपाळी

हिशेबी, आभार. आमची अडचण दुसरीच निघाली: खातच नाही! नवीन दाणे हुंगते आणि वाटीभोवती पुरल्यासारखं करते. शी झाकतात ना, तसं. भूक लागली की खाईल म्हणून ठेवून देऊ का?

खिडकीतली मावशी

अजिबात नको गं. मांजर दीड-दोन दिवस काहीच खात नसेल तर यकृतावर चरबी चढू शकते, जाड मांजरात तर फारच. तो हट्ट आपल्याला महागात पडतो. जुनं खाणं परत दे आणि त्यात नवीन चमचाभर घाल. दोन दिवसांनी अजून चमचाभर. पिशवीवर सात ते दहा दिवस लिहितात, आमच्या म्हाताऱ्या भाटीला पाच आठवडे लागले. थोडं कोमट पाणी शिंपडलं की वास उठतो, तेही करून बघ. आणि शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर ये.

रसायनवाला

शिळा वास हेही कारण असू शकतं. या दाण्यांवर वरून चरबी फवारलेली असते, हवा लागली की ती खवट होते. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, साधारण महिन्यात संपेल एवढीच घ्या. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा पिशवी तोंड बांधून तशीच डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही हाताशी राहते. उद्या माल परत मागवला तर तोच नंबर विचारतात.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून शेवटी एक छोटी पिशवी आणली. प्रथिनं ४०, चरबी १८, तंतू ३, ओलावा १०, राख ८, म्हणजे कर्बोदकं २१. पहिल्या तीन नावांत मांस, वाटाणा एकदाच. संध्याकाळी ओलं खाणंही सुरू केलंय. आज चौथा दिवस, पाव भाग नवीन. चिमी निवडून फक्त नवीन दाणे खाते आणि जुने तसेच ठेवते. गोंद्या बरोबर उलटं करतो. दोघांच्या वाट्या रोज चाटूनपुसून स्वच्छ, आणि कोणी किती काय खाल्लं याचा मला काहीही पत्ता नाही. एकाच घरात दोन मांजरांना वेगवेगळं मोजून कसं खायला घालता, दारं लावून की वेळा ठरवून?