नकोशी साइट शोधातून कायमची बाद करायची सोय हवी की नको?

जिरायती:
गेल्या आठवड्यात वडील मोबाईलवर सातबारा शोधत होते. सरकारी पानाच्या आजूबाजूला पाच-सहा साइट, आणि प्रत्येकीची सुरुवात एकच: 'नमस्कार मित्रांनो, या लेखात आपण पाहणार आहोत...' मग सातबारा म्हणजे काय, त्याचे फायदे, मध्ये मध्ये जाहिराती, आणि सरकारी लिंक अगदी तळाला. एका पानावर 'डाउनलोड' असं हिरवं बटण होतं, ते जाहिरातीचं. वडिलांनी नेमकं तेच दाबलं. डिजिटल सहीचा उतारा महाभूमी या सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो, ही एक ओळ कुणीही वर लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी फेरफार शोधायला बसलो, तर त्याच साइट पुन्हा हजर.

निकालाशेजारी 'ही साइट परत दाखवू नका' एवढं एक बटण मला हवंय. गूगलने हे केलेलं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये क्रोमसाठी 'पर्सनल ब्लॉकलिस्ट' आणली, मार्चमध्ये तीच सोय थेट निकालांत दिली, ५०० साइटपर्यंत. पुढे काढून टाकली. कागी हे पैसे घेऊन चालणारं सर्च इंजिन आजही ही सोय देतं. म्हणजे अवघड काही नाही, द्यायची इच्छा नाही.

सांजवात:
जिरायतीभाऊ, मला हे पटत नाही. जाहिरातीचं बटण ज्यांना ओळखू आलं नाही, ते तुमचे वडील ब्लॉकचं बटण शोधून दाबतील का? फसतात ते सेटिंगमध्ये जात नाहीत. जाणारे आपल्यासारखे, आणि आपण तशीही ती साइट ओलांडून पुढे जातो.

२०११ चंच पुढचं ऐका. त्याच फेब्रुवारीत गूगलने निकृष्ट साइट निकालांत खाली ढकलणारा 'पांडा' हा बदल अमेरिकेत लागू केला. लोकांनी सर्वात जास्त ब्लॉक केलेल्या काही डझन साइटपैकी ८४ टक्के साइटना तो लागू पडला, आणि लोकांच्या याद्या त्यात वापरल्याच नव्हत्या, असं कंपनीनेच सांगितलं होतं. कचरा काढणं त्यांना जमतं. मग प्रत्येकाने आपापल्या दारापुरता झाडू का मारायचा? गल्ली घाण ती घाणच राहणार.

शिवाय माणूस फक्त कचरा ब्लॉक करत नाही. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या मताविरुद्ध छापणारं वर्तमानपत्र आधी बाद होईल.

जिरायती:
८४ टक्के जुळले याचा अर्थ लोकांची नजर बरोबर होती असाही होतो ना! आणि वर्तमानपत्राचं म्हणाल तर न पटणारा पेपर घरी न घेण्याचा हक्क आहेच की मला.

वडिलांच्या फोनवर ते बटण मी दाबून देईन. घराघरांत फोनची कामं अशीच होतात, पोरं करून देतात.

पिंपरीकर:
तोवर हे करा. शोधशब्दांपुढे वजाचं चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत साइट, कोलन आणि साइटचा पत्ता टाकायचा. ती साइट गाळली जाते, पण दर वेळी टाकावं लागतं. कायमचं हवं तर ब्राउझरला जोडायचं 'यूब्लॅकलिस्ट' एक्स्टेन्शन, ते नकोशा साइट निकालांतून गाळतं. अँड्रॉइडवरच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्सवर चालतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने भारतात आणि अमेरिकेत बातम्यांसाठी आवडीचे स्रोत निवडायची सोय दिली. आवडतं ते सांगायची मुभा आहे, नावडतं काढायची नाही. मला खटकतं ते हे.

खाचर:
मी कोकणातल्या भाताच्या जुन्या वाणांवर लिहिते, एकटीच. एप्रिल २०११ मध्ये गूगलने लोकांच्या ब्लॉकची माहिती काही ठिकाणी क्रमवारीसाठी वापरायला सुरुवात केली होती. ती पद्धत परत आली आणि पन्नास जणांनी ठरवून मला ब्लॉक केलं, तर मी दाद कुणाकडे मागायची? मोठ्या साइटला पन्नास माणसं जाणवत नाहीत, माझे वाचकच तेवढे आहेत.

जिरायती:
खाचरताई, हा मुद्दा मान्य. यादी ज्याच्या त्याच्या खात्यापुरतीच राहावी, क्रमवारीला तिचा स्पर्शही नको.

सांजवात:
तसं असेल तर माझा निम्मा विरोध गेला. उरलेला निम्मा कायम आहे, कारण ज्यांच्या घरात फोन बघून देणारं कुणी नाही त्यांना त्या पाच साइट दिसतच राहणार. तुमच्या वडिलांना महाभूमीचं पान होम स्क्रीनवरच ठेवून द्या, शोधायलाच नको.

जिरायती:
ते त्याच दिवशी ठेवलं, ताई. काल त्यांनी पीक विम्याची शेवटची तारीख शोधली. पहिल्याच पानावर पुन्हा 'नमस्कार मित्रांनो'.