हॉट टबसाठी जागा : गच्ची की मागचे अंगण? (नाशिक)

धागाकर्ता :
नमस्कार. मखमलाबाद रस्त्यावर आमचा जुना एकमजली बंगला आहे. मातोश्रींच्या गुडघ्यांना गरम पाण्याने आराम पडतो, या निमित्ताने घरी पाच माणसांचा हॉट टब बसवण्याचे ठरत आहे (निमित्त मातोश्रींचे, हौस माझी, हे कबूल). टब 2 मीटर लांब, तेवढाच रुंद असून त्यात 1,200 लिटर पाणी मावते. विक्रेत्याने ‘सपाट जागा असली की झाले’ एवढेच सांगितले. घरच्यांना आडोशासाठी गच्ची हवी आहे. मला मागचे अंगण सोयीचे वाटते. मात्र तेथे पूर्वी द्राक्षबाग होती, माती काळी आहे आणि वर पेव्हर ब्लॉक टाकलेले आहेत. कोणती जागा निवडावी आणि पावसाळ्यापूर्वी काय उरकून घ्यावे?

मुरूमखडी :
गच्चीचा निर्णय करण्याआधी वजनाचे गणित मांडून पाहावे. पाणी 1,200 किलो, रिकामा टब 300 किलोच्या आसपास धरा आणि पाच माणसांचे 350 किलो. म्हणजे 4 चौरस मीटरवर 1,850 किलो, दर चौरस मीटरला 460 किलोंहून अधिक. वापरात असलेल्या गच्चीसाठी आय.एस. 875 या मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो भार धरला जातो. हा तिप्पट भार पाहुण्यांसारखा येऊन जाणारा नाही, तो रात्रंदिवस तेथेच राहणार आहे. बंगल्याचे मूळ आरसीसी (सळई-काँक्रीटच्या बांधकामाचे) नकाशे हाती असतील आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ते पाहून लेखी संमती देत असेल तरच गच्ची. एरवी तो विषय सोडून द्यावा.

अंगणात खरा प्रश्न काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर थेट केलेला कोबा कितीही जाड असला तरी हलतोच. टबाच्या मापापेक्षा चारही बाजूंनी फूटभर जास्त जागा घेऊन, घट्ट मुरूम लागेपर्यंत माती काढून टाकावी. तो किती खोल आहे हे खड्डा घेतल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही, म्हणून मजुरीचा दर ठरवण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहा. नंतर चांगला मुरूम 15 सेंटीमीटरच्या थरांनी पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून) भरावा. त्यावर दगडी सोलिंग (दगड रचून केलेला थर), पातळ पीसीसी (बिनसळईचे साधे काँक्रीट) आणि शेवटी 8 मिलिमीटर सळईची 15 सेंटीमीटर अंतराची जाळी घालून एम 20 प्रतीच्या (ग्रेडच्या) काँक्रीटचा 15 सेंटीमीटर जाडीचा स्लॅब, असा क्रम ठेवावा. स्लॅब आसपासच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच असावा. तो स्वतः लेव्हलमध्येच राहू द्या. पाणी वाहून जाण्याचा उतार भोवतालच्या फरशीला द्यावा. निदान सात दिवस तो ओला ठेवावा आणि 28 दिवस होईपर्यंत टब दारात आला तरी भरू नये.

इंदिरानगरकर :
वरील सल्ल्याला माझा अनुभव जोडतो. मी पेव्हर ब्लॉकवरच टब ठेवला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर एक कोपरा सुमारे 3 सेंटीमीटर खचला. टबातील पाण्याची रेघ तिरकी दिसू लागली तेव्हा ते लक्षात आले. टब रिकामा करून, उचलून, सगळे काम नव्याने करावे लागले. दुसरी चूक अशी की, पंपाकडची बाजू कुंपणभिंतीला चिकटवली होती. त्या बाजूला दुरुस्तीसाठी दोन-अडीच फूट जागा मोकळी ठेवाच. मातोश्री वापरणार असतील तर पायरीशी पक्का कठडा आणि पॉलिश न केलेली शहाबादी फरशी घ्यावी. आणि त्यांना रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

वायरपट्टी :
काँक्रीट ओतण्यापूर्वी विजेचा आणि निचऱ्याचा पाइप स्लॅबखालून नेऊन ठेवा, नंतर फोडाफोड करणे त्रासाचे होते. 3 किलोवॅटचा हीटर 230 व्होल्टवर एकटाच 13 अँपिअर घेतो, वर पंप. त्यामुळे गीझरच्या पॉइंटवरून जोडणी करू नये. मीटरपासून स्वतंत्र वायर, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवेच. बंद करण्याचा स्विच टबातून हात पोहोचणार नाही, पण नजरेस पडेल अशा जागी बसवावा. महावितरणकडे मंजूर भार पुरेसा आहे का, हेही तपासा. थंडीत 15 अंशांचे 1,200 लिटर पाणी 38 अंशांवर नेण्यास सुमारे 32 युनिट आणि जवळजवळ 11 तास लागतील. म्हणून चांगल्या झाकणावर काटकसर करू नये. बोअरचे पाणी जड असेल तर हीटरवर क्षार बसतो; शक्यतो नळाचे पाणी भरावे.

धागाकर्ता :
सर्वांचा आभारी आहे. काल खड्डा घेतला, साडेतीन फुटांवर मुरूम लागला. गच्चीचा आग्रह घरीही मागे पडला आहे. आता एकच अडचण उरते : बाजूची बोळ जेमतेम 80 सेंटीमीटर रुंद आहे. टब आत न्यावा कसा?

मुरूमखडी :
टब कडेवर उभा केला तरी त्याची उंची, जी तेव्हा रुंदी होते, साधारण 90 सेंटीमीटर असते, त्यामुळे बोळीतून जाणार नाही. हायड्राने (चाकांच्या फिरत्या क्रेनने) कुंपणावरून घ्यावा लागेल. मात्र रस्त्यावरून विजेच्या तारा जात असतील तर त्या वेळेपुरता पुरवठा बंद ठेवण्यासाठी महावितरणकडे आधीच अर्ज करा, आणि हायड्राचे चाक नव्या स्लॅबवर येऊ देऊ नका.