मदत हवी आहे : नेरुळमधील गच्चीवर निळीची आणि लाल रंग देणारी झाडे लावणे कितपत व्यवहार्य आहे?

नमस्कार.

नेरुळच्या आमच्या सोसायटीतील काही जणी मिळून हातमागाच्या कोऱ्या सुती कापडाचे स्टोल आणि उपरणी वनस्पतिजन्य रंगांत रंगवतो, त्यांच्या किनारींवर हाताने टाके घालतो आणि ओळखीतल्या लोकांना विकतो. भिवंडी इतकी जवळ असूनही यंत्रमागाचे स्वस्त कापड आम्ही घेत नाही, कारण मग या सगळ्या खटाटोपाला अर्थच उरणार नाही. यंदा सोसायटीने गच्चीचा पूर्वेकडील भाग झाडे लावण्यासाठी वापरायला दिला आहे. इमारत जुनी असल्यामुळे मातीचे वाफे करायला मात्र परवानगी नाही. जे काही लावायचे ते ग्रो बॅग किंवा कापलेल्या ड्रममध्येच लावावे लागेल. एवढ्या मर्यादित जागेत नेमके काय लावावे, यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

तेच तेच सल्ले टळावेत म्हणून आम्ही आधीपासून काय करतो ते सांगते. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातील खळ आणि तेलकटपणा काढतो, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवतो आणि त्यानंतर तुरटी देतो. लोकर किंवा रेशीम तुरटी सहज धरते, सूत तशी धरत नाही. हिरड्यातले टॅनिन आधी सुतावर बसले की तुरटीला पकड मिळते, म्हणून हा क्रम आम्ही मोडत नाही. पिवळ्यासाठी झेंडू वापरतो. दसरा-दिवाळीनंतर उतरवलेली तोरणे आणि हार गोळा करून, पाकळ्या वाळवून ठेवल्या की पुढे बराच काळ पुरतात. त्यामुळे गच्चीवरची जागा झेंडूसाठी अडवावी असे मला वाटत नाही. डाळिंबाच्या साली रसाच्या दुकानातून मिळतात. काळ्या-करड्या छटांसाठी गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून केलेले लोखंडाचे पाणी आहेच. हळद मात्र जाणूनबुजून टाळतो. पहिल्या दिवशी ती डोळ्यांत भरते आणि उन्हात चार दिवस ठेवली की उडून जाते. गिऱ्हाईक तीच मागते, हा भाग वेगळा.

राहिले निळा आणि लाल. हे दोन्ही आम्ही सध्या विकत आणतो आणि अडचणही यांच्याच बाबतीत आहे.

निळीचे झाड, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया, बॅगेत वाढते असे ऐकले आहे. आपल्याकडच्या धो धो पावसात ते तग धरते का, बी रुजवण्याची काही विशेष पद्धत आहे का, आणि मुख्य म्हणजे अशा पंधरा-वीस झाडांच्या पाल्यातून एखादा स्टोल रंगवण्याइतकी तरी नीळ निघते का? लालसाठी मंजिष्ठा आणि बारतोंडी ही दोन नावे पुढे येतात. परंतु दोन्हींचा रंग मुळांत असतो, तेव्हा त्या बॅगेत लावण्यात काही हशील आहे का?

आणखी एक प्रश्न सांडपाण्याचा. मोरचुदाचा वापर आम्ही करत नाही, कारण तांबे पाण्यातल्या जीवांना घातक असते आणि आमच्या नाल्यांचे पाणी शेवटी खाडीतच जाते. पण तुरटीचे उरलेले पाणी आणि निळीच्या माठातला, म्हणजे नीळ विरघळवून कापड बुडवतो त्या भांड्यातला, चुन्याचा गाळ यांचे काय करावे? हे पाणी झाडांना घातले तर चालेल, असे आमच्यापैकी एकीचे मत आहे. मला ते पटत नाही.

प्रतिसाद

ताई, मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो आणि निळीची झाडे लावतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

बियांचे कवच टणक असते. बिया वाळूच्या कागदावर हलक्या हाताने घासाव्यात किंवा गरम पाणी ओतून रात्रभर तशाच ठेवाव्यात. तसे केले नाही तर बहुतेक बिया मातीत नुसत्या पडून राहतात. हे शेंगवर्गीय झाड आहे, त्याला खताचे लाड नकोत. ऊन मात्र दिवसभर हवे आणि बुडाशी पाणी अजिबात साचता कामा नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरले तर पहिली कापणी जोराच्या पावसाआधी हाती येऊ शकते. फुलोरा नुकताच धरू लागला की कापावे, वीतभर खोड मागे ठेवावे, ते पुन्हा फुटते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर, आणि ते फारसे उत्साहवर्धक नाही. पानांत तयार नीळ नसते; इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते आणि त्यापासून मिळणारी नीळ ताज्या पानांच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. शिवाय गाळताना आणि धुताना थोडी वाया जाते ती निराळीच. म्हणजे पंधरा-वीस झाडांचा दोन-तीन किलो पाला निघाला, तर हाती काही ग्रॅम भुकटी येईल. तेवढ्यात एखादा स्टोल फिकट निळा होईल, गर्द होणार नाही.

तरीही करून पाहावे, या मताचा मी आहे, कारण विकतच्या भुकटीत भेसळ आहे का हे ओळखण्याची नजर त्यातूनच येते. सकाळी कापलेल्या फांद्या पाण्यात पूर्ण बुडवून वर वजन ठेवावे. उकाड्याच्या दिवसांत साधारण एका दिवसात पाणी हिरवट-पिवळे होते आणि वर तांबूस-निळसर तवंग येतो. मग पाला काढून टाकावा, थोडी चुन्याची निवळी घालावी आणि ताक घुसळल्यासारखे पाणी खूप वेळ घुसळावे. हवेतला प्राणवायू मिळाला की नीळ तयार होऊन तळाशी बसते. वरचे पाणी काढून टाकून गाळ फडक्यातून गाळावा. फांद्यांचा चोथा झाडांना उत्तम खत आहे.

माठासाठी नीळ, विरी गेलेला चुना आणि फळसाखर (फ्रुक्टोज) यांचे वजनी 1 : 2 : 3 हे प्रमाण बरेच जण वापरतात, आमच्याकडे फळसाखरेऐवजी गूळ चालतो, मात्र माठ जमायला वेळ अधिक लागतो. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. नेहमीच्या कामासाठी तमिळनाडूतील विलुप्पुरम जिल्ह्याच्या बाजूला पिकणारी नीळ विकत घ्यावी, हे उत्तम. निळीला रंगबंधक, म्हणजे तुरटीसारखे रंग कापडावर धरून ठेवणारे द्रव्य, लागत नाही, त्यामुळे हिरड्याचा आणि तुरटीचा खर्चही वाचतो.

प्रतिसाद

लाल रंगाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : लावू नका. मंजिष्ठेला थंड डोंगराळ हवा मानवते आणि मुळांत पुरेसा रंग उतरायला तीन वर्षांच्या आसपास काळ जातो. बारतोंडी आपल्या किनाऱ्यावर आनंदाने वाढते, पण ते झाड आहे, बॅगेत किती दिवस मावणार? आणि मुळे काढायची म्हणजे ते झाडच काढायचे. काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा घ्यावी, भरड कुटावी आणि रंगवताना पाण्याला उकळी फुटू देऊ नये. फार तापले की लाल जाऊन तपकिरी झाक येते. पाण्यात चुन्याचा अंश कमी असेल तर चिमूटभर खडूची पूड घालावी, लाल उजळतो. गच्चीत कोपरा उरलाच तर एका मोठ्या ड्रममध्ये शेंद्री लावा. बियांचा केशरी रंग देखणा असतो, मात्र तो उन्हाला पक्का नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला तसे सांगून विकावा. पळसाची फुले आणायला येऊरला जाऊ नये, ते राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे. होळीच्या सुमारास वाळलेली फुले विकत मिळतात.

सांडपाण्याविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते आणि आम्ल मातीत ॲल्युमिनियम मुळांना जाचते. पहिली गोष्ट म्हणजे ते पाणी फेकूच नये. पुढच्या कापडासाठी त्यातच थोडी नवी तुरटी घालून वापरावे. अगदी निरुपयोगी झाले की निळीच्या माठातले उरलेले चुन्याचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळावे आणि लिटमस कागदाने तपासत राहावे. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, ॲल्युमिनियमचा पांढुरका साका तळाशी बसतो. तुरटीने गढूळ पाणी निवळते ती हीच क्रिया. वरचे निवळलेले पाणी मोरीत सोडावे, साका वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा.

प्रत्येक रंगाचा एक तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवा. विकण्याआधी एवढी परीक्षा हवीच.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. निळीच्या मोजक्या बॅगा लावायच्या, त्या नमुन्यासाठी आणि शिकण्यासाठी. रोजची नीळ आणि मंजिष्ठा विकतच आणायची, असे आम्ही ठरवत आहोत. उरलेल्या जागेत कापड वाळवण्यासाठी दोऱ्या बांधता येतील, तीही आमची गरज आहेच.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. हिरडा दिलेले कापड कडक उन्हात वाळवावे, असे सगळेच सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे ऊन नसते, घरात पंख्याखाली कापड दोन दिवस ओलसर राहते आणि त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात, जे पुढे रंगातूनही दिसतात. पावसाळ्यापुरता हिरडा कापडाला आधीच देऊन, उन्हाळ्यातच वाळवून साठवून ठेवला तर त्याचा गुण कमी होतो का? कोणी असे साठवलेले कापड वापरले असल्यास कृपया सांगावे. निळीचे बी नवी मुंबई किंवा ठाण्यात कोणाकडे शिल्लक असेल तर तेही हवे आहे.