प्रति: घाटी किलोवर विकावी की नगावर?

वर विचारलंय की हातची घाटी, म्हणजे गुरांच्या गळ्यातली घंटा, किलोच्या भावाने विकावी की नगावर. माझं मत, नगावरच. किलोचा विषय निघाला की गिऱ्हाईक मोडीचा भाव काढतो, आणि उत्तर प्रदेशातल्या जलेसरच्या घंट्यांच्या मालापुढे आपण तिथं टिकत नाही.

आमच्याकडे मेणाच्या साच्याची ओतीव घाटी होते. मातीचा गाभा, त्यावर मेण, वर पुन्हा माती; धातू ओतल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून दोन घाट्यांचा आवाज सहसा जुळत नाही. दुकानदाराला हा दोष वाटतो, गुराख्याला नेमकं तेच हवं असतं. बाजारात तो पोराला दूर चिंचेखाली उभं करून वाजवायला लावतो. "भाऊ, दोन येकसारख्या देऊ नको, झुडपात कोनती म्हैस हाय ते समजत नाही." आवाज फार तीक्ष्ण वाटला तर मी काठ आतून कानशीने पातळ करून देतो, सूर खाली येतो. हे गिऱ्हाइकासमोरच करा. तुम्ही घासलं की त्याची घासाघीस कमी होते!

पोळ्याआधीची गर्दी वेगळी. तिथं चकाकी बघतात, माळेत घुंगरं किती ते मोजतात, आवाजाचं कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलच कमी झालेत, त्या एका हंगामात सगळं भांडवल अडकवू नका. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदीसाठी छोट्या घंट्या मात्र जरूर ठेवा. लेकरासमोर बाप फारसा भाव करत नाही.

ताडोबाकडचे रिसॉर्टवाले दाराला लावायला घेतात, पण उधारीवर. अर्धे पैसे आधी घ्या.