गणपतीचा कारखाना, वय ४३ आणि थ्रीडी: शिकू तर नेमकं काय?

जोहेवाला

नमस्कार मंडळी. पेण तालुक्यात आमचा गणपतींचा कारखाना आहे. शाडू हातात आला तेव्हा मी तिसरीत होतो. कॉम्प्युटरशी संबंध मात्र जीएसटी भरण्यापुरता.

बाबांनी घडवलेलं एक मॉडेल आहे. आठ इंची, लोडाला टेकलेले बाप्पा. त्या चेहऱ्यासाठी गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं. पण त्यावरून इतके रबरी साचे काढले की सोंडेवरच्या वळ्यांची धार पार गेली. वर दुकानदार म्हणतात, हेच बारा इंचात द्या, पंधरात द्या. म्हणजे प्रत्येक उंचीचं मॉडेल नव्यानं हातानं करणं आलं, आणि बाबांचा हात काही मला आलेला नाही.

मॉडेल कॉम्प्युटरवर घेतलं तर हव्या त्या उंचीचं काढता येईल, म्हणून दोन वर्षांमागे एका थ्रीडीच्या क्लासला पासष्ट हजार भरले. चार महिने रोबो आणि स्पोर्ट्स कार. गणपती करू का विचारलं, तर सर म्हणाले, "काका, कॅरेक्टर शेवटच्या मोड्यूलमध्ये आहे." शेवटचं मोड्यूल यायला आणि आषाढ लागायला एकच गाठ पडली. आषाढात कारखाना सोडून कोण जातो? फी बुडाली.

आता अनंत चतुर्दशीनंतर दिवाळीपर्यंत थोडी सवड आहे. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला झेडब्रश हे सॉफ्टवेअर शिकू की ब्लेंडर? थ्रीडी प्रिंटर घेऊन टाकू का? आणि मुंबईत ती नवी आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) निघाली आहे, तिथे आमच्यासारख्याचं काही काम आहे का?

रात्रपाळी रेंडर

काका, आयआयसीटी २०२५ मध्ये पेडर रोडला एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात सुरू झाली. तिथला भर अॅनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातली कॉम्प्युटरची दृश्यं), गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआरवर (आभासी दुनियेचं तंत्र). मी गोरेगावात व्हीएफएक्स करतो, मला त्याचा उपयोग आहे. आठ इंची बाप्पासाठी एवढा घाट घालू नका.

झेडब्रश स्कल्प्टिंगला, म्हणजे पडद्यावर माती घडवल्यासारखं काम करायला, सरस आहे, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. ब्लेंडर फुकट. त्यातही फक्त स्कल्प्ट मोड उघडा आणि क्ले स्ट्रिप्स, ग्रॅब, क्रीज, इन्फ्लेट, स्मूद एवढेच ब्रश धरा. बाकी मेनूकडे ढुंकून बघू नका. माऊसनं मात्र करू नका, हात वैतागेल. साधा पेन टॅब्लेट घ्या, दाबाप्रमाणे कमी-जास्त उठतं.

पण त्याच्याआधी स्कॅन, म्हणजे फोटोंवरून बाबांच्या मूर्तीची थ्रीडी प्रत कॉम्प्युटरवर घ्या. ढगाळ दिवशी मूर्ती पडवीत ठेवा. तिला हलवू नका, तुम्ही फिरा. तीन उंचींवरून मिळून शंभरेक फोटो. खाली वर्तमानपत्र पसरा, म्हणजे सॉफ्टवेअरला फोटो जुळवायला खुणा मिळतात. शेजारी फूटपट्टी ठेवा, कारण मूर्ती आठ इंचाची की आठ फुटांची हे नुसत्या फोटोवरून त्याला कळत नाही. रंगवलेली, चकाकणारी मूर्ती चालणार नाही, कोरी घ्या.

हुपरीकर

दादा, आमचं काम चांदीचं. डिझाइन कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, थ्रीडी प्रिंट रेझिनमध्ये, मग चांदीचं ओतकाम. प्रिंटर आत्ता घेऊ नका. पहिले दोन-चार नग बाहेरून काढून आणा.

आठाचं पंधरा करताना नुसतं स्केल ओढलं की फसलात. मोठ्या मूर्तीत तेच दागिने ढोबळ दिसतात, बाजूबंद टायरसारखा होतो. उलट लहान करताना बोटं काडीसारखी होऊन साच्यातच मोडतात. चेहरा स्केल करा, दागिने त्या-त्या मापाला नव्यानं बसवा.

साध्या फिलामेंटच्या, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर चढवणाऱ्या प्रिंटरवर बहुधा २२० ते २५० मिलिमीटरच्या आसपासचीच वस्तू निघते. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, बसणार नाही. मूर्ती कमरपट्ट्यावर कापा, सांधा दागिन्याखाली लपतो. ०.२ मिलिमीटरच्या थराला कपाळावर आणि गालावर भातखाचरांसारख्या पायऱ्या दिसतील. पुट्टी आणि पॉलिश पेपर लागणारच. आणि सोंड-पोटामध्ये पोकळी ठेवली तर साचा निघताना सोंड घेऊनच निघतो, हे तुम्हाला काय सांगायचं! क्लासमधल्या पोरांना सांगावं लागतं.

निदेशिका ताई

मी आयटीआयमध्ये शिकवते. थ्रीडी प्रिंटिंगचा, म्हणजे अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण वर्षभराची हजेरी तुम्हाला झेपायची नाही. पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागिरांसाठीच्या योजनेत मूर्तिकार बसतात. पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि टूलकिटसाठी १५,००० पर्यंत. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं एवढ्या कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. तिथे ब्लेंडर शिकवतील या भरवशावर मात्र जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पुन्हा कोर्सची फी भरूच नका. अॅनिमेशन शिकणारा एखादा मुलगा पंधरा दिवस कारखान्यात ठेवून घ्या. बाप्पा समोर ठेवूनच शिका. मानधन द्या, दोन वेळचं जेवण द्या. तोही शाडू मळायला शिकेल.

जोहेवाला

कोजागिरी झाली, म्हटलं कळवावं. ताई, मुलगा मिळाला, पनवेलचा आहे. स्कॅन छान आला, फक्त सोंडेखाली भोक राहिलं, तिथे कॅमेरा पोचत नाही. दोन दिवस ग्रॅब-इन्फ्लेट करत बसलो, जमेना. शेवटी जुन्या साच्यातून शाडूची एक मूर्ती काढली, ओली असतानाच सोंड मधोमध कापून वेगळी केली, कोरणीनं वळ्या नव्यानं काढल्या आणि तिचे वेगळे फोटो घेतले. पोरानं दोन्ही स्कॅन जोडून दिले. रात्री साडेदहाला पडद्यावर बाप्पा पुरे झाले.

आता वाद एवढाच की वळ्या मी सहा काढल्या. आई म्हणते, तुझे बाबा सात काढायचे.